सेन्सिटिव्ह कोण?

"सुजाता, तुझा रिपोर्ट खोटं बोलतोय."

डॉ. मेहता लॅबच्या दारात उभा होता. हातात क्षितिजा परबचा कल्चर रिपोर्ट. मी मायक्रोस्कोपवर होते. मान वर न करता म्हटलं, "रिपोर्ट बोलत नाही, तू बोलतोयस. आत ये आणि दार लाव, एसीची हवा जातेय."

मेहता आमच्या मुलुंडच्या हॉस्पिटलातला छातीचा डॉक्टर. जन्म घाटकोपरचा, घरात गुजराती, तोंडात मराठी, आणि राग आला की हिंदी. आम्ही इतकी वर्षं एकत्र काम करतोय की एकमेकांना अहोजाहो करायचं राहूनच गेलं. मी मायक्रोबायॉलॉजिस्ट. म्हणजे डॉक्टर आहे, पण पेशंट बघत नाही. पेशंटच्या कफात, रक्तात, लघवीत कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरतो, एवढं सांगते. आमच्या घराण्यात पहिली डॉक्टर झालेली मी, त्यामुळे गावाकडचे नातेवाईक अजून विचारतात, "मग तू दवाखाना कधी टाकणार?" त्यांना समजावणं मी कधीच सोडून दिलंय.

मेहताने कागद माझ्यासमोर आपटला. "टोब्रामायसिन, सेन्सिटिव्ह. तूच लिहिलंयस ना? पोरगी सकाळ-संध्याकाळ तेच औषध ओढतेय. आणि दर वेळी फुंकायच्या टेस्टमध्ये आकडा खाली. हे कसं काय होतं, सांग ना यार."

इथे आमचे दोन शब्द समजावून सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यांच्यावरच आहे. आम्ही पेशंटच्या कफातला, म्हणजे बेडक्यातला जंतू काचेच्या किंवा प्लास्टिकच्या थाळीत वाढवतो. त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या बारीक चकत्या ठेवतो. चकतीभोवती जंतू मरून मोकळं रिंगण दिसलं, की तो जंतू त्या औषधाला सेन्सिटिव्ह. म्हणजे त्या औषधापुढे टिकत नाही. रिंगण आलंच नाही तर रेझिस्टंट. म्हणजे औषधाला दाद देत नाही. आमच्या धंद्यात इतकं साधं दुसरं काही नाही, असं मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले.

"परत टेस्ट लावते," मी म्हटलं.

"लाव. पण लवकर. नाहीतर मी तिला कोलिस्टिनवर टाकतो."

ते ऐकून मी मायक्रोस्कोप सोडला. कोलिस्टिन हे आमचं राखीव औषध. बाकी सगळी हरली की मग काढायचं. ते आजच काढलं आणि उद्या जंतूने त्यालाही जुमानलं नाही, तर पुढे हात रिकामे. क्षितिजा तेव्हा एकोणीस वर्षांची. तिच्यापुढे अख्खं आयुष्य होतं आणि औषधं मोजकीच.

तिला सिस्टिक फायब्रोसिस. हा जन्मजात आजार, आईवडिलांकडून मिळालेला, आणि आपल्याकडे सहसा लवकर ओळखूच येत नाही. यात अंगातले स्राव घट्ट होतात. घाम नेहमीपेक्षा खारट असतो आणि छातीतला कफ डिंकासारखा चिकट. लहानपणी तिच्यावर कोणी दम्याचे उपचार केले, कोणी टीबीचे. खरं नाव कळेपर्यंत तिच्या फुप्फुसात स्यूडोमोनास नावाचा जंतू घर करून बसला होता. एरवी तो ओलसर जागी, सिंकच्या पाइपात वगैरे सापडतो. धडधाकट माणसाच्या वाटेला फारसा जात नाही. चिकट कफ मिळाला की मात्र मुक्काम ठोकतो.

"आणि एक सांगू?" मेहता जाता जाता म्हणाला. "तिला कबड्डीची पंच व्हायचंय. खेळता येत नाही, तर निदान मैदानावर उभी राहीन म्हणते. भांडुपमध्ये मंडळ आहे त्यांचं. आता शिट्टी फुंकायला जाते आणि खोकत बसते."

हे त्याने मला का सांगितलं, ते मला माहीत आहे. पेशंट न बघणाऱ्या माणसाला पेशंट दाखवायची ही त्याची पद्धत आहे. मी चिडले, आणि टेस्ट लावायला घेतली.

दुसरी टेस्टही तीच. टोब्रामायसिनच्या चकतीभोवती चांगलं ऐसपैस रिंगण. मग वाटलं, चकत्याच बिघडल्या असतील. ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा एक ठरलेला जंतू आम्ही पदरी बाळगतो, परीक्षकासारखा. तो लावला. त्याचंही उत्तर बरोबर आलं. म्हणजे चकत्या बऱ्या, थाळी बरी, माझे डोळे बरे. रिपोर्ट खरा. आणि पोरगी बरी होत नव्हती, तेही खरं.

थाळीत मात्र एक गोष्ट नजरेत भरत होती. जंतूंचे ठिपके नेहमीसारखे कोरडे नव्हते. बुळबुळीत, थबथबलेले होते. थाळी तिरकी केली तर ओघळतील असे. हे कशाचं लक्षण आहे ते मला माहीत होतं, आणि मेहतालाही. तरी संध्याकाळी त्याने फोन केला तेव्हा मी त्याला आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं उदाहरण दिलं.

"आमच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकतात. पाणी तपासलं तर एकदम स्वच्छ. पण भिंतीवरून हात फिरव. बुळबुळ तशीच. ती पावडरने जात नाही, घासावी लागते. हिच्या छातीत तेच आहे."

"बायोफिल्म," मेहता म्हणाला.

"बायोफिल्म. मी थाळीत तपासते ते सुटे, मोकळे जंतू. ते मरतात. छातीत ते एकमेकांना चिकटून, स्वतःभोवती चिकट थर बांधून बसलेत. खालच्या थरातले तर जवळजवळ झोपलेलेच. आपली औषधं वाढणाऱ्या जंतूला मारतात. जो वाढतच नाही, त्याला काय मारणार?"

"झकास. म्हणजे तुझा रिपोर्ट बरोबर आणि माझ्या काही कामाचा नाही."

"असं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

खरं सांगायचं तर मी काय म्हटलं, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एक उद्योग केला. बारीक खड्ड्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते. तिच्यात क्षितिजाचे जंतू वाढू दिले. मोकळे जंतू धुऊन टाकले आणि खड्ड्याच्या भिंतीला जो थर चिकटून राहिला त्यावर टोब्रामायसिन ओतलं. कुठे पातळ, कुठे दाट. अशी टेस्ट आम्ही रोज करत नाही. ती करून औषध ठरवल्याने पेशंटचं नक्की भलं होतं, असंही कोणी छातीठोक सांगत नाही. पण मला माझ्या समाधानासाठी बघायचं होतं.

थाळीत ज्या ताकदीला जंतू मरत होते, त्या ताकदीला हा थर जागचा हलला नाही. अपेक्षेप्रमाणे. औषध पुष्कळ दाट केलं तेव्हा मात्र बरेचसे मेले. म्हणूनच तर हे औषध वाफेवाटे देतात. नेब्युलायझरच्या मशीनमध्ये घालायचं, मास्क लावायचा, श्वास ओढायचा. सुईतून दिलं तर अंगभर वाटलं जातं. वाफेतून दिलं तर थेट कफात दाट जाऊन पडतं, थर फोडण्याइतकं दाट.

मग फुटत का नव्हतं?

इथून पुढचा आठवडा माझं डोकं भंजाळलं होतं. बायोफिल्म आहे म्हणून औषध चालत नाही, म्हणावं तर इतक्या दाट औषधाने थोडा तरी फरक पडायला हवा होता. आकडा निदान एका जागी थांबायला हवा होता. तो घसरतच होता. मेहताने मशीन मागवून तपासलं. चांगली भरभरून वाफ सोडत होतं. मास्क तपासला, तोही ठीक. औषध रोज घेता का, हे त्याने त्यांना परत विचारलं. बापाने शपथेवर सांगितलं, एक वेळ चुकवलेली नाही.

"खोटं बोलणारा माणूस नाहीये तो," मेहता म्हणाला. "मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये क्वालिटीत आहे. प्लास्टिकची झाकणं पास-रिजेक्ट करतो. माझं प्रिस्क्रिप्शन माझ्यासमोर मोठ्याने वाचून दाखवतो, स्पेलिंगसकट."

"मग औषधच बोगस असेल."

"दोन वेगवेगळ्या दुकानांतून आणलंय."

मी म्हटलं, "मला तिचा कफ हवा. औषध ओढल्यावर लगेच काढलेला."

कफात औषध किती आहे हे मोजायची महागडी मशिन्स असतात, आमच्याकडे नाहीत. पण एक जुनी पद्धत आहे. चटकन मरणारा एखादा जंतू थाळीभर पसरायचा. थाळीत छोटी भोकं पाडायची. त्यात पेशंटचा कफ गाळून थेंबभर टाकायचा. कफात औषध भरपूर असलं तर भोकाभोवती मोठं रिंगण येतं, थोडं असलं तर लहान. ताडून बघायला मी क्षितिजाचाच जुना कफ घेतला. टोब्रामायसिन महिनाभर घ्यायचं आणि महिनाभर थांबायचं असतं. त्या सुट्टीच्या महिन्यातला नमुना आमच्या डीप फ्रीझरमध्ये होता. पूर्ण डोसनंतर कफात जेवढं असायला हवं तेवढं औषध मी त्यात हाताने मिसळलं आणि शेजारच्या भोकात टाकलं.

सकाळी थाळी बघितली. मी मिसळलेल्या औषधाचं रिंगण ऐसपैस. क्षितिजाने घरून आणलेल्या कफाचं शेंगदाण्याएवढं.

मी थाळी घेऊन मेहताच्या ओपीडीत गेले. बाहेर पेशंट बसले होते, तरी आत घुसले.

"औषध तिच्या छातीत जातच नाहीये."

त्याने थाळी उजेडात धरली. "मशीनमध्ये तर जातंय."

"मला ते बघायचंय. इथे तुझ्या ओपीडीत. त्यांनी घरी जसं करतात तसंच करायचं."

"तू पेशंट बघणार?" मेहता हसला. "गावाला कळव."

दुसऱ्या दिवशी परब मुलीला घेऊन सकाळीच आले. पन्नाशीचे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, भांडुपला चाळीतून आता इमारतीत आलेले. क्षितिजा त्यांच्याहून उंच. गळ्यात काळ्या दोरीला स्टीलची शिट्टी. मला बघून म्हणाली, "तुम्ही रिपोर्टवाल्या मॅडम ना? खाली सही असते तुमची. मला वाटायचं, कोणीतरी म्हातारे गृहस्थ असतील."

"गप रव गो," परब हळूच म्हणाले.

त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. मशीन, मास्क, सलाइनच्या कुप्या, औषधाची कुपी, आणि प्लास्टिकचा एक ड्रॉपर. सगळं स्वच्छ, रुमालात गुंडाळलेलं. हात धुतले. कुपीचं टोक मोडलं. ड्रॉपरने औषध ओढलं आणि मशीनच्या कपात मोजून थोडे थेंब सोडले. मग तो कप सलाइनने भरला. उरलेल्या कुपीला रबरबँड लावून छोट्या डबीत ठेवलं.

मी बघत राहिले. मेहताही.

"हे उरलेलं काय करता?" मी विचारलं.

"फ्रिजमध्ये ठेवतो. उद्या, परवा पुरतं."

"अख्खी कुपी एका वेळी घालायची असते, परब."

"माहीत आहे मॅडम. लिहिलेलं आहे. पण हिच्या बाबतीत तसं करता येत नाही ना."

"का?"

ते माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागले. मी थट्टा करतेय की काय, असं. "तुम्हीच लिहिता ना मॅडम. दर रिपोर्टला. टोब्रामायसिन, सेन्सिटिव्ह."

"हो. सेन्सिटिव्ह आहे, म्हणूनच तर द्यायचं."

"तेच म्हणतोय मी. सेन्सिटिव्ह असूनही देताय, म्हणजे दुसरा इलाज नसणार. म्हणून मग आम्ही जपून देतो."

"जपून का? सेन्सिटिव्ह आहे म्हणजे चांगलंच आहे."

"चांगलं कसं, मॅडम?"

मी मेहताकडे बघितलं, मेहता माझ्याकडे. तिघंही मराठीच बोलत होतो आणि कोणाला काही कळत नव्हतं.

मग क्षितिजाच म्हणाली, "पप्पा, साबणाचं सांगा ना."

तिची त्वचा नाजूक आहे. साबण लागला की पुरळ येतं. स्किनच्या डॉक्टरने वेगळा साबण दिला. त्याच्या कागदावर लिहिलेलं, सेन्सिटिव्ह स्किनसाठी. परबांनी तेव्हा कंपनीत कोणाला तरी अर्थ विचारून घेतला होता. सेन्सिटिव्ह म्हणजे नाजूक, लगेच त्रास होणारं. नंतर आमचा रिपोर्ट घरात आला. वर ठळक अक्षरांत मुलीचं नाव. खाली औषधाचं नाव आणि पुढे तोच शब्द. त्यांनी जोडून वाचलं. क्षितिजा परब, टोब्रामायसिन, सेन्सिटिव्ह. म्हणजे आपल्या पोरीला हे औषध सोसत नाही.

"आणि पहिल्यांदा अख्खी कुपी दिली ना," परब सांगत होते, "तेव्हा हिची छाती आवळून आली. श्वास घेता येईना. माझ्या डोळ्यांदेखत. म्हटलं, बघ, रिपोर्टमध्ये लिहिलंय तेच झालं. मग अर्धी केली. मग आणखी कमी. आता कसं, शांतपणे घेते."

"मला का नाही सांगितलं?" मेहता म्हणाला. आवाज चढला होता.

"सर, रिपोर्ट तुमच्याच हातात होता. तुम्हाला ठाऊकच असणार. तुम्ही विचारलंत, रोज घेता का. आम्ही रोज घेतो."

मेहताचा आवाज तिथेच उतरला.

पुढचा प्रश्न मी घाबरतच विचारला. "परब, रिपोर्टमध्ये काही औषधांपुढे रेझिस्टंट असंही असतं. त्याचा अर्थ काय घेतलात?"

त्यांनी मनगट पुढे केलं. घड्याळ दाखवलं. "वॉटर रेझिस्टंट. म्हणजे पाण्याने याला काही होत नाही. तसंच ते. सिप्रोफ्लॉक्सासिन रेझिस्टंट, म्हणजे त्याने हिला काही होत नाही. बिनधास्त द्यावं. ताप आला की आम्ही त्याच गोळ्या देतो. कोपऱ्यावरचा केमिस्ट ओळखीचा आहे."

मेहताने कपाळाला हात लावला. "वाट लागली," तो पुटपुटला.

उलट्या बाजूने सगळं चोख होतं. जे औषध जंतूला मारतं ते थेंबाथेंबाने, आणि जे मारत नाही ते पोटभर. शिवाय एक गोष्ट परबांना माहीत असायचं कारणच नव्हतं. हे जंतू अर्धवट औषधाने नुसते वाचत नाहीत. अपुऱ्या औषधाची चाहूल लागली की ते उलट जास्त चिकट थर बांधतात. प्रयोगशाळेत आम्ही हे बघतो. म्हणजे ही पोरगी रोज नेमाने, न चुकता, हात धुऊन, त्या थराला खतपाणी घालत होती. हे शेवटचं मी त्या खोलीत बोलले नाही. आजवर त्यांना सांगितलेलं नाही.

सेन्सिटिव्ह असतो तो जंतू, क्षितिजा नव्हे, एवढं मात्र मी समजावलं. थाळी आणून रिंगण दाखवलं. परबांनी ते नीट बघितलं. क्वालिटीतला माणूस, एकदा दाखवल्यावर परत विचारावं लागलं नाही. खुर्चीत बसले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "काय करून बसलंय मी ह्या." मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत, "माझ्या हातानेच करत होतो मॅडम. हिच्या आईलाही हात लावू देत नव्हतो. म्हटलं, माप चुकायला नको."

मला रडू येईल असं वाटलं. असल्या वेळी मी चिडते, म्हणून चिडूनच बोलले. "परब, छाती आवळली हे तुम्ही खोटं बघितलं नाहीत. या औषधाने तसं होतं काही जणांना. त्याला उपाय आहे. आधी श्वासनळी मोकळी करणारं औषध ओढायचं, मग हे. तुम्ही डोळे उघडे ठेवून बघत होतात. अर्थ तेवढा चुकला."

क्षितिजाने बापाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मेहताला विचारलं, "सर, मग ते शेवटचं औषध आता नाही ना लागणार?" तिने कोलिस्टिनबद्दल मोबाइलवर सगळं वाचून ठेवलं होतं.

"बघू," मेहता म्हणाला. डॉक्टर लोक हा शब्द वापरतात तेव्हा त्यांनाही माहीत नसतं.

मेहताने तिला वॉर्डात ठेवून दोन औषधं शिरेतून दिली. घरी गेल्यावर करायचा नेब्युलायझरचा क्रम कागदावर न लिहिता तिच्याकडून करवून घेतला. आधी श्वासनळी मोकळी करायची, मग खारट पाण्याची वाफ, मग पाठ थोपटून कफ काढायचा, आणि सगळ्यात शेवटी टोब्रामायसिन, अख्खी कुपी, उघडलेली उरवायची नाही. टाकी आधी घासायची, मग पावडर टाकायची. सिप्रोफ्लॉक्सासिनची पाकिटं परबांनी स्वतः आणून मेहताच्या टेबलावर ठेवली.

पुढच्या काही महिन्यांत तिचा आकडा घसरायचा थांबला. मग थोडा चढला. पूर्वीइतका नाही, पण चढला. तिच्या कफात मला आजही स्यूडोमोनास सापडतो, तोच, बुळबुळीत. संख्या कमी झालीय. जायचा मात्र नाही. एकदा थर बांधून बसलेला हा जंतू हाकलणं फार क्वचित जमतं. त्याला ताब्यात ठेवायचं, एवढंच आपल्या हातात असतं. कोलिस्टिन अजून कपाटात आहे, आणि ते तिथेच आहे याचा मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा जास्त आनंद आहे.

"नक्की कशाने फरक पडला?" मेहताने एकदा चहा पिताना विचारलं. "पूर्ण डोसने? शिरेतल्या औषधाने? की आधी कफ काढल्याने?"

"माहीत नाही."

"तुझी ती प्लेट काय सांगते?"

"प्लेट पाठ थोपटून घेत नाही."

तो हसला. पण गोंधळ खराच होता, अजून आहे. आम्ही एकाच वेळी इतकं काही बदललं की कशाने काय झालं ते वेगळं काढता येणार नाही. पुन्हा वेळ आली तर आम्ही पुन्हा सगळं एकदमच बदलू.

पुढच्या तपासणीला क्षितिजा मेहताच्या ओपीडीतून थेट लॅबच्या दाराशी आली. "मॅडम, ऐका," म्हणाली आणि शिट्टी तोंडाला लावली. सामना संपवायची लांबलचक शिट्टी. खंड न पडता. खोकला आला, पण शिट्टी संपल्यावर आला. सिक्युरिटीवाला धावत आला आणि मला विचारायला लागला, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, खेळ संपला." पंचाची परीक्षा ती पहिल्या खेपेला नापास झाली, पण नियमांच्या पेपरात. त्यात फुप्फुसाचा काही दोष नव्हता.

राहिला रिपोर्ट. त्याचा फॉरमॅट बदलावा म्हणून मी वर गेले. आमचे मेडिकल सुपरिंटेंडंट म्हणाले, "मॅडम, फॉरमॅट सगळीकडे असाच असतो. रिपोर्ट डॉक्टरने वाचायचा असतो, पेशंटने नाही."

"सर, फाइल पेशंटच्या घरी असते. डॉक्टर दोन मिनिटं बघतो. घरचे महिनाभर बघतात."

"मग शिक्का मारा खाली एखादा. फॉरमॅटला हात लावू नका."

मी शिक्क्याचा मजकूर केला. शब्दकोशात बघून शुद्ध मराठी शब्द काढले. सेन्सिटिव्ह म्हणजे संवेदनशील, रेझिस्टंट म्हणजे प्रतिरोधक. स्वतःवर खूश झाले. शिक्का करायला टाकण्याआधी, परब नेमके क्षितिजाचा नमुना घेऊन आले होते, म्हणून त्यांना दाखवला. त्यांनी खिशातलं पेन काढलं, वाचलं, परत वाचलं.

"मॅडम, राग मानू नका. आमच्याकडे हा पास झाला नसता."

"का? मराठीत तर आहे."

"मराठीत आहे हो. पण संवेदनशील कोण? ते कुठाय यात?"

त्यांनी पेनने माझे दोन्ही शब्द खोडले आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं. सेन्सिटिव्ह म्हणजे या औषधाने जंतू मरतो. रेझिस्टंट म्हणजे या औषधाने जंतू मरत नाही. मी तोच मजकूर जसाच्या तसा शिक्का करायला दिला. आता आमच्या प्रत्येक कल्चर रिपोर्टखाली तो निळ्या शाईत उमटतो. तिरका येतो, कधी पुसट येतो, पण येतो.

आमचा रिपोर्ट पहिल्यापासून बरोबर होता. आजही मी तो तसाच देईन. फक्त त्यात कर्ता नव्हता. आम्हा लॅबवाल्यांना तो लिहायची गरज वाटत नाही, आमच्या डोळ्यांपुढे सतत जंतूच असतो. परबांच्या डोळ्यांपुढे क्षितिजा होती. जागा रिकामी दिसली, तिथे त्यांनी तिला बसवलं.